इश्यूलेस

भिकन पगारेच्या तोंडात ‘आहे’ म्हणणारा इंग्रजी शब्दच नव्हता. जे काय इंग्रजी होतं ते सगळं ‘नाही’चं. दूध उतू गेलं की बायकोला ‘केअरलेस’. दोरीवरचा सदरा वाळला नाही की बहिणीला ‘यूजलेस’. रेडिओला खरखर आली की अख्खा देश ‘होपलेस’. सरकारी कचेरीत क्लार्क होता. दिवसभर टाइप केलेल्या कागदांत बसायचा आणि संध्याकाळी सायकल मारत नाशिकरोडच्या दोन खोल्यांत आला, की त्यातले शब्द घरच्यांच्या अंगावर फेकायचा. वस्तीतले लोक म्हणायचे, काय इंग्रजी आहे हो पगारेसाहेबांचं! डोंबलाचं इंग्रजी!

सुलाबाई ही त्याची धाकटी बहीण. नवरा काविळीनं गेला, सासरच्यांनी दार लावून घेतलं, तेव्हा मैनाला कडेवर घेऊन ती भावाकडे आली. साल त्र्याहत्तर, दुष्काळाचं. पण फुकटचं खाल्लं नाही हो तिनं. घरातलं धुणंभांडं उरकून सातपूरला कारखान्यात पॅकिंगला जायची आणि पगार झाला की आहे तसा वहिनीच्या हातावर ठेवायची. तरी यूजलेस तीच.

वहिनीला, म्हणजे लताबाईला, नणंद नको होती. मैना मात्र हवी होती. स्वतःची दोन पोरं, दोघंही द्वाड. त्यांना सांभाळायला, नळावरून पाणी आणायला एक पोरगी हाताशी असली तर कोणाला नको? आज चार वर्षांची आहे, उद्या मोठी होईल. नवरा-बायकोनं हे आपसांत ठरवून टाकलं आणि सुलाबाईला वासही लागू दिला नाही.

मग चांदवडकडचं स्थळ आलं. नवरामुलगा झुंबर, बायको वारलेली, घरची थोडी शेती. विधवेचं दुसरं लग्न त्यांच्या समाजात काही नवलाचं नव्हतं. सुलाबाईनं एवढंच सांगितलं, “दादा, मैना माझ्याबरोबर येणार. त्यांना हे आधी सांग. पटलं तर येऊ देत.”

“सगळं सांगितलंय. डोकं खाऊ नको,” भिकन म्हणाला.

आणि तिनं विश्वास ठेवला. सख्ख्या भावावर नाही ठेवायचा तर कोणावर?

रविवारी झुंबर आणि त्याची आई चिमणाबाई आले. म्हातारी मोठी खमकी, बोलणं खणखणीत. सुलाबाई आतल्या खोलीत चहा गाळत होती. मध्ये नुसता पडदा, त्यामुळे बाहेरचा शब्द न् शब्द आत येत होता.

“बहीण माझी विधवा आहे,” भिकन बाहेर सांगत होता, “पण इश्यूलेस.”

“म्हंजे वो काय?” चिमणाबाईनं विचारलं.

“म्हणजे मागं लचांड नाही. लेकरूबाळ काही झालंच नाही तिला.”

सुलाबाईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. यूजलेस तिनं ऐकलं होतं, केअरलेस ऐकलं होतं, रोजचंच होतं ते. हा शब्द नवा होता. मेलेल्या नवऱ्यांच्या कागदांवर विधवांच्या नावापुढं टाइप करतात तो शब्द या मेल्यानं उचलून आणला होता आणि तिची जिवंत, चालतीबोलती पोर त्याच्याखाली गाडून टाकली होती.

तरी तिला वाटलं, मैना बाहेरच आहे. आत्ता ‘आई’ म्हणून हाक मारेल आणि याचं थोबाड आपोआप फुटेल. म्हणून ती चहा घेऊन बाहेर आली आणि त्या हाकेची वाट पाहत थांबली. मैना लताबाईच्या गुडघ्याला टेकून बसली होती, केसांना नवी रिबीन.

“ही कोणाची गं चिमणी?” म्हातारीनं विचारलं.

मैनानं लताबाईकडे बोट केलं. “आईची.”

“आन् ह्या कोन?”

मैनानं सुलाबाईकडे पाहिलं. जराही अडखळली नाही. “आत्या.”

मग तिनं लगेच लताबाईकडे मान वळवली, बरोबर म्हटलं ना म्हणून, आणि हात पुढं केला. लताबाईनं गुपचूप तिच्या मुठीत गोडीशेव ठेवली. आता सुलाबाईला सगळं उमगलं. ती कारखान्यात खोकी भरत होती तेव्हा इथं रोज ही शिकवणी चालली होती. एकदा म्हण, गोडीशेव घे. पुन्हा म्हण, पुन्हा घे.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. चहाचा ट्रे तिनं जमिनीवर आदळला.

“ही माझी पोर आहे! माझ्या पोटची! लचांड म्हणतोस तिला? जीभ झडत नाही रे तुझी?”

“डोक्यावर परिणाम झालाय तिच्या,” भिकन पाहुण्यांना म्हणाला. “नवरा गेल्यापासून…”

“ओ, गप बसा तुमी,” चिमणाबाईनं त्याला मध्येच तोडलं. तिनं मैनाची हनुवटी धरून वर केली, मग सुलाबाईच्या तोंडाकडे पाहिलं. एकच नाक, एकच कपाळ. आंधळ्यालाही कळलं असतं. म्हातारी उठली. “आमच्या झुंबरची दोन हायती. ही तिसरी काय आमाला जड झाली नसती. पन खोटं बोलनाऱ्या घरात सोयरीक नाय करायची. चल रे झुंबर.”

बघा आता! खरं बोलला असता तर बहिणीचा संसार उभा राहिला असता. पण भिकनला लाज वाटली का? छे! पाहुणे वळणावर दिसेनासे होईपर्यंत दम धरला आणि मग हात उगारून आला. “यूजलेस! नाक कापलंस माझं!”

“तुझं नाक गेलं. माझी पोर गेली असती.”

“घे ती पोर आणि नीघ घरातून!”

ती निघाली. अंगावरच्या लुगड्यानिशी, पोरीला खांद्यावर टाकून. लताबाईनं मैनाच्या केसांतली नवी रिबीनसुद्धा काढून घेतली. इतकी कोत्या मनाची बाई!

देवळालीगावात पत्र्याची एक खोली मिळाली. पोटाचं कसंतरी भागलं, पण पोरीच्या जिभेवर बसलेलं जाईना. दिवसा आई म्हणायची. घाबरली, पडली, तापानं फणफणली, की ‘आत्या’. सुलाबाईनं त्यासाठी तिच्यावर कधी हात उचलला नाही. ती मोरीत जाऊन भांडी आपटायची आणि भावाला वाट्टेल ते बोलायची. शेजारणी म्हणायच्या, सुलाबाई, अगं सोड ना आता. ती म्हणायची, “मरेस्तोवर नाही सोडणार.” हळूहळू ‘आत्या’ गेली. राग गेला नाही. खोलीत गोडीशेव कधी आली नाही, पॅकिंगच्या कामात सुलाबाईची बोटं वाकडी झाली, मैना मॅट्रिक झाली आणि अठ्ठ्याऐंशीत तिचं लग्न ठरलं.

लग्न बौद्ध पद्धतीनं, समाजमंदिरात. तरी नवरीला मामानं हात धरून पुढं आणायचं, हे कोणी सोडलेलं नव्हतं. सुलाबाईनं भावाला बोलावलं नव्हतं. पण कुण्या शहाण्यानं कळवलंच, आणि भिकन सफारी घालून पहिल्या रांगेत येऊन बसला. वस्तीसमोर मामा म्हणून मिरवायची संधी तो थोडीच सोडणार!

“नवरीचे मामा कुठे आहेत? या पुढं,” लग्न लावणाऱ्यांनी हाक दिली.

भिकन सफारी नीट करत उठला आणि नवरीच्या वाटेत येऊन हात पुढं करून उभा राहिला.

“नवरीला मामा नाही,” सुलाबाई मोठ्यानं म्हणाली. “मामा नसला तर इंग्रजीत काय म्हणतात, ते या साहेबांना विचारा. त्यांना असले शब्द पुष्कळ येतात.”

भिकनचा चेहरा लालबुंद झाला. पण हटतोय कसला! तो मैनाकडे वळला, आवाज एकदम मऊ केला. “मैना, तू सांग बेटा यांना. मी कोण तुझा?”

मैनानं त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी पाहिलं होतं तसंच, सरळ. जराही अडखळली नाही.

“काका, वाट सोडा,” ती म्हणाली आणि आईचा हात धरून पुढं चालू लागली.

या वेळी तिला कोणी शिकवलं नव्हतं.