रामाच्या वाटीतलं गोड

रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बायकोनं मला रोज दुपारी घराबाहेर राहायची शिक्षा ठोठावली. ती पोळ्या लाटत असताना मी मागे उभा राहून गॅस कमी-जास्त करायचो, एवढाच माझा गुन्हा. "ऑफिसातही असंच करत होते काय? मग बरं झालं सोडलं त्यांनी तुम्हाले," असं म्हणून तिनं लाटणं दाराकडे केलं. तेव्हापासून मी बोरगाव मेघेच्या आमच्या वस्तीतल्या रामाच्या देवळात जाऊन बसू लागलो. लोकांना वाटलं, याला भक्ती लागली. खरं सांगायचं तर तिथली फरशी गार होती.

आमच्या देवळात दुपारच्या नैवेद्याची पाळी घरोघरी वाटलेली आहे. ज्यांची पाळी, त्यांच्या घरून झाकलेलं ताट येतं. महाराज, म्हणजे आमचे पुजारी, देवापुढे पाण्यानं चौकोन काढतात, त्यावर ताट ठेवतात, वरणभातावर तुळशीचं पान ठेवून पाणी फिरवतात आणि पडदा ओढून बाहेर येऊन बसतात. देव जेवत असताना पाहायचं नाही. थोड्या वेळानं पडदा सरकतो आणि तेच ताट महाराजांचं जेवण होतं. त्यांची बायको गेल्यापासून देवळामागच्या त्यांच्या खोलीत स्वयंपाक होत नाही. देवाच्या ताटात येईल तेवढंच खायचं आणि पानात टाकायचं नाही, असा त्यांचा नेम. आता देवाचं ताट म्हटलं की त्यात गोडाची वाटी आलीच. आज शिरा, उद्या खीर, परवा पुरण. रामाला नुसत्या वरणभातावर भागवायला कोणती बाई तयार होईल?

मे महिना होता. वर्ध्याचा मे. अशात महाराज एका पायात मोजा घालून पूजा करताना दिसले. फक्त डाव्या पायात. मला गप्प बसता येत नाही, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. भरल्या आरतीत मी म्हणालो, "महाराज, एकाच पायाले हिवाळा लागला काय?" सगळे हसले. महाराजही हसले, पण त्यांनी धोतर ओढून पाय झाकला.

नंतर देऊळ रिकामं झाल्यावर ते पायरीवर बसून मोजा काढत होते, तेव्हा मी पाहिलं. करंगळीला जखम होती आणि ती आजकालची नव्हती.

"दवाखान्यात दाखवलं?"

"दाखवलं. साखर हाय म्हनते. गोड बंद करा म्हनते, नाई तं बोट काढा लागीन."

"मग? बंद केलं?"

"कसं करू? देवाच्या पानातलं टाकू?"

"अहो, बायकांना सांगा ना. गोड नका आणू म्हणावं."

ते एकदम गंभीर झाले. "भाऊ, कोनाले सांगसान नोका. एखादी माउली पोराच्या नोकरीसाठी खीर आनते, एखादी पोरीच्या बाळंतपनासाठी. उद्या मी म्हनलं का मले साखर हाय, तं वाटी भरताना तिचा हात आखडीन. माह्या पायापायी रामाले पथ्यावर बसवू?"

याला माझ्याकडे उपाय होता, आणि तो इतका सोयीचा होता की मलाच संशय यायला हवा होता. प्रसाद टाकायचा नाही ना? मग गोडाची वाटी मी खाईन. भर दुपारी देवळात येतं कोण? कुणाला कळणार नाही, बाईचा हात आखडणार नाही आणि महाराजांचं बोट वाचेल. महाराजांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "प्रसाद कोनीबी खाऊ शकते. तुमीबी." त्या 'तुमीबी'मध्ये काय काय होतं, ते मी मनावर घेतलं नाही.

अशी माझी सेवा सुरू झाली. पडदा सरकायचा, महाराज वरणभात, पोळी, भाजी घेऊन बसायचे आणि मी शेजारी वाटी घेऊन. एवढं मन लावून मी आयुष्यात कोणतंच काम केलं नाही. घरी जेवायला बसलो की पोळी अर्ध्यावर राहायची. बायको म्हणायची, "तब्येत बरी आहे ना?" मी म्हणायचो, "आता खाण्यावरची वासनाच उडाली गं." ती माझ्याकडे असं पाहायची, की आता हा संसार सोडून गिरडच्या टेकडीवर जाऊन बसतो की काय!

इथवर सगळं ठीक होतं. घोळ केला तो माझ्या जिभेनं. ती खायची आणि वर बोलायचीही. समोरच्या घरच्या वहिनी रस्त्यात भेटल्या, तर मी म्हणालो, "वहिनी, कालची खीर काय झाली होती! रामराया खूश." दुसऱ्या एकीला म्हणालो, "शिऱ्यात वेलची जरा कमी पडली बरं का." तिनं विचारलं, "तुमाले कसं मालूम?" मी म्हणालो, "वासावरून." झालं. वस्तीत बातमी फिरली की हे रोज नैवेद्याजवळ बसतात आणि यांना देवाची आवड कळते. देवळात फुकटची फरशी झोपायला वापरणारा माणूस एकदम अधिकारी झाला. मला कौतुक आवडतं. मी आणखी बोलत गेलो. वाटी मोठी झाली. मग एकीच्या दोन झाल्या. कुणी बासुंदी आणली, कुणी वर पुरणाचा गोळाही ठेवला. मी मिटक्या मारत होतो.

आणि मग साळ्याच्या मुलीचं लग्न निघालं. आम्ही दोघं नागपूरला गेलो, चांगले आठवडाभर राहिलो. लग्नात मी जिलेबीवर हात मारत असताना इकडे देवळात रोज दोन-दोन वाट्या येत होत्या, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. खरंच आलं नाही. आपण एखाद्याचा आधार झालो, असं मनाशी म्हणायला मजा येते. पण आधारानं गावाला जाताना सांगून जायचं असतं, हे मला तीस-पस्तीस वर्षं नोकरीत रजेचे अर्ज देऊनही कळलं नव्हतं.

परत आलो तर महाराज खोलीत पडून होते. मोजा ओला होता. अंगात ताप.

"खाल्लं सगळं?" मी विचारलं.

"मंग काय करू? उरलं असतं नं."

ऑटो करून त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी मोजा कापून काढला, जखम पाहिली आणि मला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

घाबरलेला माणूस खरं बोलून जातो. मी म्हणालो, "मी यांचं गोड खातो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या मोजा कापत होत्या तेवढ्यात मी दोनदा पाणी पिऊन आलो होतो, तेही त्यांनी पाहिलं असावं. "मग तुमचंही रक्त देऊन या," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी आम्हा दोघांचे कागद आले. मलाही साखर. "हे काही चार दिवसांचं नाही, आधीपासूनच असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तुम्ही चांगला हातभार लावलात." महाराजांची करंगळी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले तेव्हा मी त्यांच्या खाटेजवळ तोंड पाडून बसलो होतो. माझं तोंड पाहून त्यांनाच माझी कीव आली. "नऊ उरले नं भाऊ. मी काई बोटं मोजाले बसलो नाई."

ते परत यायच्या आधी कुणीतरी बोलायला हवं होतं. त्यांच्या साखरेबद्दल न बोलण्याचं मी कबूल केलं होतं. माझ्या साखरेबद्दल मात्र असं काही ठरलं नव्हतं. आरतीनंतर मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं, की इतके दिवस रामाच्या ताटातलं गोड मी खात होतो, मला आता साखर निघाली आहे, तर माझ्यावर दया करून ताटात गोड कमी पाठवा.

माझी बायको, हातात निरांजन तसंच, म्हणाली, "वासना उडाली होती म्हणे!" त्यावर देऊळभर जो हशा पिकला, तो मला पुरेसा होता.

हसणं ओसरल्यावर समोरच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मोजा आमाले दिसत नव्हता काय? सगळ्याइले दिसत होता. पण महाराजाले कसं इचारावं? म्हनलं, तुमी बसता तिथं, तुमी सांगसान. तं तुमी वेलचीचं सांगत बसले."

मी खाली बसलो. उभं राहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

महाराज आले त्या दिवशी पाळी त्याच वहिनींची होती. ताट आलं. ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, वरण, काकडीची कोशिंबीर आणि गोड म्हणून तुळशीच्या पानावर खडीसाखरेचा एक खडा. महाराजांनी ताटाकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं. काठीच्या आधारानं ते आत गेले, पडदा ओढला. पण नेहमीसारखे लगेच बाहेर आले नाहीत. आतून त्यांचा आवाज येत होता. मंत्र नव्हते ते.

"रामराया, रागावू नोको. पोरीनं मन लावून केलं हाय. मेथी कडू लागीन, खाऊन घे. माह्यापायी थोडे दिवस सोस."

वहिनींनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. मी एकदाच, निदान एकदाच, काही बोललो नाही.

पडदा सरकला. महाराजांनी तो खडा उचलून वहिनींच्या हातावर ठेवला. "घे माय. हे तुह्या लेकराले ने." मग ताट जवळ ओढलं, भाकर मोडली आणि अर्धी माझ्यापुढे सरकवली.

"खा," ते म्हणाले. "भाजीत मीठ कमी झालं असन तं सांगजा नोका कोनाले."