लेकीच्या चालीनं डोंगर

आमच्या ढोकीचा फिरोज मणियार ट्रॅक्टर चालवतो. ट्रॅक्टर त्याचा नाही, इंद्रजित पाटलांचा आहे. हंगाम सुरू झाला की फडातला ऊस दोन ट्रॉल्यांत भरून घ्यायचा आणि कारखान्याच्या आवारात नंबर लावून बसायचं, हे त्याचं काम. नंबर कधी लवकर लागतो, कधी आवारातच दुसरा दिवस उजाडतो. त्यामुळं दिवाळीनंतर घरी येणं म्हणजे अंघोळ, जेवण आणि झोप. तो येई तेव्हा लेक झोपलेली असे, आणि ती उठायच्या आत तो फडावर गेलेला असे.

लेकीचं नाव सिमरन. मागल्या हंगामात ती उभी राहिली, भिंत सोडून चालायला लागली, चार शब्द बोलायला लागली. हे सगळं फिरोजला त्याच्या बायकोनं, मदिहानं, फोनवर कळवलं. तिनं पाठवलेले व्हिडिओ तो ट्रॅक्टरवर बसून पुन्हा पुन्हा पाहायचा. पुढच्या-मागच्या ड्रायव्हरांनाही दाखवायचा.

त्या साली ऊस कमी होता. फेब्रुवारीतच पट्टा पडला आणि कारखाना थंडावला. फिरोजनं ट्रॅक्टर धुऊन मालकाच्या दारात लावला आणि दुपारीच घरी आला. सिमरन अंगणात होती. त्यानं तिला उचललं. तिनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि असं रडं काढलं की शेजारची बाई पीठ मळत्या हातानं बाहेर आली.

मदिहा म्हणाली, "दोन दिवसांत होईल सवय."

सवय झाली नाही. बिस्किट घ्यायला सिमरन हात लांब करून यायची, घेतलं की आईमागं पळायची. त्यानं हात पुढं केला की मान हलवून म्हणायची, "नक्को." हा शब्द तिला चांगला यायचा. फिरोज तसा कमी बोलणारा माणूस, तो आणखी गप्प झाला. एकदा मदिहा धुणं वाळत घालून आत आली तर तो खाटेवर बसून फोनमध्ये सिमरनचा पहिली पावलं टाकतानाचा व्हिडिओ बघत होता. सिमरन समोर उंबऱ्यात बसून चमच्यानं ताट बडवत होती. मदिहानं ते मनात ठेवलं.

रमजान लागायच्या आधी ती दोघं लेकीला घेऊन मदिहाच्या माहेरी, वाशीला गेली. वाशीच्या अंगाला बालाघाटचे डोंगर आहेत, आणि फिरोजला ते पाठ आहेत. त्याचे वडील फकीरभाई बांगड्या विकायचे. खांद्यावर दोरीत ओवलेले बांगड्यांचे मालगे टाकून डोंगरावरच्या वाड्या-वस्त्या पायी हिंडायचे. शाळेला सुट्टी असली की फिरोज सोबत असायचा. रात्र होईल तिथं मुक्काम करायचा, कुणाच्या ओसरीत नाहीतर खळ्यावर. वडील गेले, तो धंदाही गेला. पण हंगाम संपला की फिरोज एकदा तरी वर चढायचा, माळावर एक रात्र काढायचा आणि सकाळी उतरायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मदिहानं विचारलं होतं, "काय आहे तिथं?"

"काहीच न्हाय," तो म्हणाला होता. "बरं वाटतं."

त्या वर्षी त्यानं जायचं नाव काढलं नव्हतं. मदिहानंच काढलं.

"या वेळी सिमरनला न्या."

"तू पण चल मग."

"मी आले तर काय उपयोग? मी दिसते तोवर ती तुमच्याकडं येणार न्हाय."

मदिहाची आई फरिदाबी भाजी निवडत होती. ती हातातली काडी खाली ठेवून म्हणाली, "याड लागलं का तुमाला? अजून अंगावरची सुटली न्हाय नीट. वर थंडी किती असती. रडून रडून आजारी पडंल."

फिरोजला सासूचं म्हणणं पटत होतं. तो म्हणाला, "अम्मा म्हणतात ते खरं आहे."

"रडली तर रडू दे," मदिहा म्हणाली. "माझ्याजवळ काय रडत न्हाय का? तुमाला तिला गप्प करायची वेळच आली न्हाय कधी. रडायला लागली की तुमी माझ्याकडं देता."

हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं. फिरोज उठून पिशवी शोधायला लागला.

तयारी मदिहानं केली. मऊ भात, गूळ, बिस्किटं, हगीज, कानटोपी, दोन चादरी, बॅटरी. स्वतःची जुनी ओढणी दिली, लेकीला पाठीशी बांधायला. फरिदाबी शेवटपर्यंत बोलत होती, पण बाहेर पडताना तिनंच सिमरनच्या पायात एकावर एक दोन मोजे घातले. आई दिसत होती तोवर सिमरन गप्प होती. जीप वळणावर गेली आणि तिनं सुरू केलं. डोंगराच्या पायथ्याला उतरेपर्यंत जीपमधल्या बायांनी तिला चिवडा, बांगड्या, फोन, सगळं दाखवून पाहिलं.

पायवाटेला लागल्यावर फिरोजनं तिला खाली ठेवलं. पळस फुलला होता आणि वाटेवर फुलं पडली होती. सिमरननं हुंदके देत एक उचललं. मग दुसरं. मग रडायचं विसरून ती फुलं गोळा करायला लागली.

फिरोजच्या हिशेबानं उन्हं कलायच्या आत माळावर पोचायला हवं होतं. पण सिमरन चार पावलं टाकायची आणि खाली बसायची. खडा उचलून बघायची, टाकायची, दुसरा उचलायची. शेळ्यांच्या लेंड्या तिला फार आवडल्या. मुंग्यांची रांग दिसली तर तिथून हलायलाच तयार नाही. फिरोज "चल बेटा, चल" करत राहिला. उचलायला गेला तर ती अंग ताठ करून मागं रेलायची. शेवटी तोही दगडावर बसला.

बसल्यावर त्याला वडील आठवले. फकीरभाई ओसरीत मांडी घालून बसले की बाया तासन् तास बांगड्या उलटसुलट करायच्या. ही घाल, ती काढ, तिचा रंग दाखव. फिरोज कंटाळून चुळबुळ करायचा. फकीरभाईंनी कधी कुणाला घाई केली नाही. एकदा ते त्याला हळूच म्हणाले होते, "हात त्यांचा हाय, बघू दे त्यांना."

त्यानं लेकीला बघू दिलं. ती पुढं निघाली की तो निघायचा, ती थांबली की थांबायचा. खिंडीचा चढ आला तेव्हा ती दमली होती. त्यानं ओढणीनं पाठीशी बांधलं तेव्हा तिनं फारसा विरोध केला नाही. वर पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं.

माळावर रामहरी आणि त्यांची बायको सत्यभामाबाई यांची वस्ती आहे. एक पत्र्याचं घर, विहीर, पाच-सात शेळ्या आणि काढायला आलेली ज्वारी. फकीरभाईंचा मुक्काम बहुतेक इथंच पडायचा. फिरोजही दरवर्षी इथंच, त्यांच्या खळ्यावर झोपायचा.

"फिरोज, हे कोण आणलं?" रामहरींनी विचारलं.

"लेक आहे, काका."

सत्यभामाबाईंनी हात पुढं केले आणि सिमरन सरळ त्यांच्याकडं गेली. त्यांच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत बसली. आयुष्यात कधी न पाहिलेल्या बाईच्या मांडीवर. फिरोज पिशवी सोडत होता. त्यानं ते पाहिलं आणि पुन्हा पिशवीत डोकं घातलं.

अंधारलं तशी सिमरन इकडंतिकडं बघायला लागली. "अम्मी," ती म्हणाली. मग तेच एक चालू झालं. भात नको, गूळ नको, सत्यभामाबाईही नको. शेळीचं करडू आणून दाखवलं, तेही नको. फिरोज तिला खांद्यावर घेऊन खळ्यावर फेऱ्या मारत होता आणि ती त्याच्या छातीवर दोन्ही हात देऊन स्वतःला लोटत होती. रडून रडून आवाज बसत आला.

"घेऊन जातो खाली," तो शेवटी म्हणाला.

"आता?" रामहरी म्हणाले. "खिंड उतरायची हाय अंधारात. लेकरू हाय पाठीवर."

"बॅटरी आहे, काका."

"लेकरं रडत्यात रे," सत्यभामाबाई म्हणाल्या. "माझी का रडली न्हाईत?"

पण फिरोजचा धीर संपला होता. त्यानं तिला पुढं, छातीशी बांधलं, चादर गुंडाळली आणि निघाला. माळावरून चालताना ती जरा शांत झाली, म्हणून त्यानं पाय उचलला. खिंडीच्या तोंडाशी मुरमाड उतार आहे. तिथं त्याचा पाय सरकला. पडतापडता त्यानं लेकीला दोन्ही हातांनी आवळलं आणि तो पाठीवर आपटला. बॅटरी गडगडत जाऊन झुडपात अडकली, पण विझली नाही.

त्यानं आधी तिला चाचपलं. डोकं, हात, पाय. तिला काही झालं नव्हतं. ती रडतही नव्हती. बॅटरीच्या उजेडात तिचे डोळे त्याच्या कोपराकडं लागले होते. कोपर खरचटून रक्त आलं होतं, आणि त्याचं त्याला तोवर कळलंही नव्हतं.

"बाऊ," सिमरन म्हणाली.

"व्हय, बाऊ झाला."

तिनं तोंड कोपराजवळ नेलं आणि फुंकर घातली. मदिहा तिला लागलं की घालते तशी, गाल फुगवून. थुंकीच जास्त उडाली. मग मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. बरं वाटलं का, हे बघत असावी. तो काही बोलला नाही, म्हणून तिनं पुन्हा फुंकलं.

फिरोजनं पुढं मला हे सांगितलं तेव्हा म्हणाला, "रडू आलं मला. पण तिच्यासमोर कसं रडायचं? ती घाबरली असती." मग त्याला पुढचं सुचलं ते असं, की हा उतार लेकीला घेऊन उतरायचा नाही. आई सकाळी भेटेल, हे तिला सांगायचं.

त्यानं ते सांगितलं. तिला किती समजलं कोण जाणे. बॅटरी काढून तिच्या हातात दिली. ती कधी चांदण्यांवर, कधी त्याच्या नाकावर उजेड पाडत राहिली आणि तो माघारी चालत आला. रामहरी काठी घेऊन अर्ध्या वाटेवर आलेच होते. ते "चला" एवढंच म्हणाले.

सत्यभामाबाईंनी शेळीचं दूध तापवून त्यात भात कुस्करून दिला. सिमरननं तो फिरोजच्या हातून खाल्ला, मधूनमधून "अम्मी" म्हणत, पण खाल्ला. खळ्यावर वाकळ अंथरली होती. ती त्याच्या दंडावर डोकं टेकून झोपली, पण फिरोजला झोप नव्हती. तिचे पाय उघडे पडत होते आणि तो पुन्हा पुन्हा झाकत होता.

पहाटे तिला जाग आली. फिरोज हलला नाही. ती उठून बसली, त्याच्याकडं पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. ज्वारीच्या कडेला दोन लांडोरी दाणे टिपत होत्या. तिनं बोट केलं आणि त्याच्याकडं बघून काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तो म्हणाला, "व्हय, लांडोर हाय ती." ती समाधानानं पुन्हा त्याला टेकून बसली.

उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला. वाशीत मदिहा फाट्यावरच उभी होती. माळावर फोन लागत नाही, त्यामुळं तिची रात्र कशी गेली ते तिच्या तोंडावर दिसत होतं. सिमरन आईला पाहून जी झेपावली, ती दिवसभर तिला सोडून हलली नाही. फिरोजकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. फरिदाबीनं जावयाचं कोपर पाहिलं, हळद गरम करून आणली आणि काही विचारलं नाही. मदिहानं विचारलं. त्यानं पडल्याचं सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "मी पाठवायला नको होतं."

"पाठवलंस ते बरं केलंस," फिरोज म्हणाला.

सिमरन काही एका रात्रीत बदलली नाही. पण नंतर पडली-झडली की कधी आईकडं जायची, कधी त्याच्याकडं. ईदनंतर ते तिघंही माळावर गेले. मदिहाची चप्पल खिंडीत तुटली आणि उरलेला चढ ती फिरोजच्या चपला घालून चढली.

दिवाळी झाली, पुन्हा ऊस आला. ट्रॅक्टर काढायच्या आधी फिरोज इंद्रजित पाटलांकडं गेला आणि म्हणाला, "मालक, जुम्म्याला मी येणार न्हाय. दर जुम्म्याला."

"हंगामात?"

"हंगामातच. त्या दिवसाचा पगार कापा."

पाटील बराच वेळ कुरकुरले. मग एका दिवसापुरता दुसरा ड्रायव्हर बघतो म्हणाले.

परवा शुक्रवारी सकाळी मी त्याच्याकडं गेलो होतो. फिरोज ओट्यावर चहा पीत होता. सिमरन झोपेतून उठून, एका हातात भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आली. मला तिनं पाहिलं न पाहिलं केलं. बापाच्या मांडीवर चढली, पाठ टेकवली आणि भाकरी खायला लागली. फिरोजनं कप दुसऱ्या हातात घेतला आणि कारखान्याच्या रस्त्यानं जाणारे ट्रॅक्टर बघत बसला.