दाबाची नथ

आपली कुलदेवता अंबाजोगाईची. कोकणातल्या माणसांची देवी बीड जिल्ह्यात कशी, हे तुम्ही दोघा भावंडांनी लहानपणी मला विचारलं होतं आणि माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं तेच मी तुम्हाला सांगितलं होतं. देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली, वऱ्हाडासकट अंबाजोगाईपर्यंत आली आणि तिथे मुहूर्त टळला. परत जाण्यापेक्षा तिने तिथेच राहायचं ठरवलं. तेव्हापासून घरात लग्न ठरलं की आपण आशीर्वादासाठी तिच्याकडे जातो. जिचं स्वतःचं लग्न राहिलं तिच्याकडे लग्नाचं मागणं घेऊन जाण्यात काही विसंगती आहे, असं आपल्या घरात आजवर कुणाला वाटलेलं नाही.

जाताना नवरीची नथ बरोबर न्यायची, देवीच्या पायाला लावायची आणि घरी आणायची, अशी रीत आहे. माझ्या सासूबाईंची तशी लावून आणलेली होती, तीच मी लग्नात घातली, तीच तुझ्या आईने. आता तुझी पाळी. फक्त तुझं नाक टोचलेलं नाही. बारा वर्षांची असताना सोनाराच्या दुकानातून तू पळालीस आणि रस्त्यावरून ओरडलीस की नाक माझं आहे. त्यामुळे यंदा मी त्या नथीची तार काढून घेऊन ती दाबाची करून घेतली. आता ती न टोचलेल्या नाकावर नुसती चिमटीसारखी बसते. सोनार म्हणाला, जुन्या नथीचं असं करवत नाही हो. मी म्हटलं, नाक तिचं आहे.

मी नवरात्रात जाणार म्हटल्यावर इथे पुण्यात घरात जे झालं ते तुम्ही व्हिडिओ कॉलवर अर्धं ऐकलंच. तुझ्या बाबांचं म्हणणं, त्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर येतं तेव्हा खाली लाल पट्टी असते. शेजारच्या बाईंनी सांगितलं की तिकडे लग्नाच्या वरातीत पिस्तूल काढतात. त्या कधी तिकडे गेल्या नव्हत्या, पण त्यांच्या सांगण्यात तपशील भरपूर होता. तुमच्या आजोबांनी वाद घातला नाही. त्यांनी बाजारातून एक जाड साखळी आणि पितळी कुलूप आणलं.

ते कुलूप अंबाजोगाईच्या लॉजवर पहिल्याच सकाळी कामाला आलं. आजोबांनी सुटकेस पलंगाच्या पायाला साखळीने बांधली, कुलूप घातलं आणि किल्ली सुटकेसच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली आहे असं त्यांना वाटलं. ती आतल्या कप्प्यात होती आणि सुटकेसभोवती साखळीचे वेढे होते. लॉजचे मालक वर आले, त्यांनी कॅलेंडरची टाचणी काढली, कुलपाकडे थोडा वेळ आपुलकीने पाहिलं आणि ते उघडून आजोबांच्या हातात दिलं.

"काका, ह्ये कुलूप काय कामाचं न्हाई," ते म्हणाले. "दुसरं घ्या. आन् इथं कोन नेतंय तुमची बॅग? समदे देवीला आल्यात."

आजोबांनी त्यांचे आभार मानले आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "पाहिलंस किती सहज उघडलं?"

माझा बंदोबस्त याहून विचारपूर्वक होता. पर्समध्ये नथ ठेवायची नाही, कारण चोर पर्सच ओढतो. गळ्यात, कमरेला काही नाही. ओटीच्या ताटाला मात्र देवीच्या गावात चोरसुद्धा हात लावणार नाही, असा माझा हिशेब. म्हणून ओटीतल्या हिरव्या खणाच्या घडीत नथ ठेवली आणि घडी आतून पिनेने बंद केली. देवीसमोर पोचलं की पिन काढायची, नथ पुजाऱ्यांच्या हातात द्यायची, पायाला लावून परत घ्यायची. हे मी निघण्याच्या आदल्या दिवशी घरी एकदा करूनही पाहिलं होतं.

देवळाकडे जाणारा रस्ता तुम्ही पाहायला हवा होता. बांगड्यांचे ढीग, परड्या, कवड्यांच्या माळा, गुळाच्या जिलबीचा वास, तीन स्पीकरवर तीन वेगळ्या आरत्या, आणि त्या सगळ्याच्या वर फलकांवर हात जोडून हसणारे पुढारी. एवढे हसणारे पुढारी एका रस्त्यावर मी आधी पाहिले नव्हते. दर्शनाच्या रांगेत आमच्या मागे एक तरुण उभा राहिला. पांढरे कडक कपडे, काळा चष्मा, मनगटावर जाड सोन्याचं कडं, पिळदार मिशी. आजोबांनी मला कोपर मारलं. मी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली. पर्समध्ये छत्री, रक्तदाबाच्या गोळ्या आणि वाचायचा चष्मा एवढंच होतं, पण ते त्याला कळू नये असं मला वाटत होतं. ओटीचं ताट मी आजोबांकडे दिलं. दर थोड्या वेळाने मी वळून त्याच्याकडे कडक नजरेने पाहत होते. तो एकदा हसला. मी त्याचीही नोंद घेतली.

गाभाऱ्यात पोचलो तेव्हा मागून ढकलणं सुरू झालं. पोलीस बाई म्हणत होत्या, "चला, चला, पुढं चला, मागं गर्दी हाय." मी आजोबांच्या हातातलं ताट घेतलं, पुजाऱ्यांनी ते माझ्या हातून घेतलं, साडी एकीकडे आणि खण, तांदूळ, नारळ दुसरीकडे गेले, माझ्या कपाळावर कुंकू आलं, आणि मी डोळे मिटून तुझ्या सुखाचं मागत असतानाच बाहेर आले. हे सगळं होताना पर्स मी काखेत इतकी घट्ट आवळली होती की हाताला मुंग्या आल्या.

बाहेर आल्यावर आजोबांनी विचारलं, "सगळं शाबूत?"

मी पर्स उघडली. छत्री होती, गोळ्या होत्या, चष्मा होता.

"सगळं शाबूत," मी म्हटलं, आणि मग माझ्या लक्षात आलं.

ज्या गावात आमचं काही चोरीला जाईल म्हणून सगळं घर चिंतेत होतं, त्या गावात कुणी आमच्याकडे हातही लांबवला नव्हता. चार पिढ्यांची नथ मी स्वतः, कुंकू लावून, नमस्कार करून देऊन आले होते. आणि तुझ्या लग्नाला तीन महिने होते.

गर्दीतून पुन्हा पुजाऱ्यांपर्यंत पोचायला दोन तास गेले. पुजारी भले माणूस. ते म्हणाले, "आजी, खण-नारळ आम्ही ठेवत नाही, आराधी बायकांना प्रसाद म्हणून देतो. सकाळपासून किती दिले कुणास ठाऊक. मंडपात विचारून बघा." आराधी म्हणजे नवरात्रात घरदार सोडून नऊ दिवस देवळातच मुक्काम करणाऱ्या बायका. मंडपभर त्यांच्या पथाऱ्या होत्या.

शोधावं लागलं नाही. मंडपाच्या कोपऱ्यात बायकांचा घोळका होता आणि मधे एक पन्नाशीची, उन्हाने रापलेली बाई बसली होती. तिच्या नाकात आपली नथ होती. बायका एकेक करून तिच्या पाया पडत होत्या.

मला काय ऐकू आलं ते सांगते. ती घाटनांदूरकडची, शेतकरी घरातली. घरी मेंढरंही होती. लेकीचं लग्न तीन ठिकाणी ठरून मोडलं होतं म्हणून ती आराधी बसली होती. आज तिच्या वाटणीला आलेला खण तिने उलगडला तर आत नथ. देवीने उत्तर दिलं, यात मंडपात कुणाला शंका नव्हती. आणि ते उत्तर परत मागायला मी उभी होते.

मी घसा साफ करून म्हटलं, "ताई, ही नथ माझी आहे. चुकून ओटीत गेली."

मग घोळक्यातल्या एकीने विचारलं, "कशावरून?"

या प्रश्नाची माझी तयारी होती. मी फोन काढला आणि फोटो दाखवला. समोरून, बाजूने, मागून, असे तीन काढून ठेवले होते.

"ह्ये बगा," ती म्हणाली आणि तिने स्वतःचा फोन पुढे केला. त्यावरही आपली नथ होती. "माज्याकडं बी हाय."

"माज्या तर स्टेटसला हाय सकाळपासनं," दुसरी म्हणाली.

"मंग आमा समद्यांचीच झाली की नथ," तिसरी म्हणाली, आणि हशा पिकला. हशा ओसरल्यावर मागून कुजबुज सुरू झाली, ती माझ्यापर्यंत येईल एवढ्याच आवाजात.

"पुन्याच्या हायत म्हनं."

"दिसायला तर बऱ्या घरच्या दिसत्यात."

"तशाच असत्यात आजकाल. टीव्हीला दावत्यात की."

"पर्स बगा कशी आवळून धरलीय. काय काय हाय आत कुनाला ठावं."

मी पर्स सैल केली. तेवढ्यात घोळका बाजूला सारून रांगेतला तो तरुण आला. त्याच्या हातात दुधाची किटली होती आणि ती बाई त्याची आई होती.

"आई, ह्या बाई रांगेत माज्याकडं वळून वळून बगत होत्या," तो म्हणाला. "मला वाटलं वळखत्यात का काय, म्हनून मी हासलो बी. पोलिसाला बोलवू का?"

आजोबा घाबरले की इंग्रजीत बोलतात. ते त्या तरुणाला इंग्रजीत सांगू लागले की माझी पत्नी अत्यंत सचोटीची स्त्री आहे. मंडपातला उरलासुरला विश्वासही त्यामुळे गेला.

"गप बस बरं तू," ती बाई मुलाला म्हणाली. तिने एक बोट नथीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, मला एक सांगा. सकाळपासनं एक गोष्ट माज्या डोस्क्यात बसंना. देवीचं नाक टोचल्यालं. माजं टोचल्यालं. माज्या लेकीचं बी टोचल्यालं. मंग देवीनं ही दाबाची नथ कावून द्यावी? तिला ठावं न्हाई का? ही कुनासाठी केलती?"

"नातीसाठी," मी म्हटलं.

"तिचं नाक?"

"टोचलेलं नाही."

"कावून?"

तुझ्या व्यक्तिस्वातंत्र्याबद्दल मी तुझ्या बाजूने आजवर पुष्कळ बोललेली आहे. तिथे ते सुचलं नाही. "सुईला भिते," मी म्हटलं.

"केवढी हाय?"

"लग्नाची."

"लग्नाची हाय आन् सुईला भिती?"

"भिते."

बाई हसली. नथ हलेपर्यंत हसली, आणि तिच्यामागे मंडप हसला. "मंग तुमचीच हाय," ती म्हणाली. "नातीचं असलं कुनी बनवून सांगत न्हाई."

तिने नथ काढली. काढताना मात्र तिचं हसू गेलं. तळहातावर घेऊन ती नथीकडे थोडा वेळ पाहत राहिली आणि मला पहिल्यांदाच वाटलं की खरी मागणारी कोण, हे इतकं सरळ नाही.

"पायाला लावली का तरी देवीच्या?" तिने विचारलं.

"तेच राहिलं."

"थांबा. आमाला रांग न्हाई." आणि नथ मुठीत घेऊन ती गर्दीत दिसेनाशी झाली.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या तरुणाकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. "येतीय आई," तो म्हणाला. "दूध घ्याल का तवर?" आम्ही दूध घेतलं. एवढं चांगलं दूध मी पुण्यात प्यायलेले नाही, पण त्या वेळी त्याची चव कळली असं म्हणता येणार नाही.

ती आली तेव्हा नथीवर कुंकू होतं. माझ्या हातात देताना म्हणाली, "तुमाला ठावं न्हाई, बाई. गर्दीत लई चोर असत्यात. देवीनं माज्या नाकात सांबाळायला ठिवलीती." मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "लेकीचं जमलं तर एका दिसासाठी द्याल का? सकाळपासनं समद्यांनी बगितलीय. लग्नात दिसली न्हाई तर इचारत्याल."

आजोबांचा सूचक खोकला संपायच्या आत मी हो म्हटलं आणि माझा फोन नंबरही दिला.

आता तुझ्या बाबांनी तुला काल घाईघाईने फोन का केला ते कळलं असेल. त्या बाईंचा फोन आला होता. जमलंय. लग्न घाटनांदूरला, तुझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, आणि नवरीचं नाक टोचलेलं असलं तरी नथ हीच हवी आहे, कारण हिचे फोटो अर्ध्या तालुक्याने पाहिलेत. बाबांचं म्हणणं, लग्नाच्या तोंडावर सोनं घेऊन परत त्या जिल्ह्यात जाऊ नये. आजोबांनी नवं कुलूप आणलं आहे.

तू काळजी करू नकोस. नथ तुझ्याकडे वेळेवर येईल, थोडी हळद लागलेली असेल एवढंच. कुठे लपवायची याचा मी पुष्कळ विचार केला आणि शेवटी नाद सोडला. या खेपेला बसस्टँडपासून मांडवापर्यंत मी ती नाकात घालून जाणार आहे.