सोडलेली फुलं

१२ जून, मंगळवार. आज भाचीचा बॅडमिंटनचा सामना. एकतीस वर्षांची आहे, गुडघा दोनदा दुखावलेला. हरली, तर क्लब तिला एकेरीतून काढून दुहेरीत घालणार होता.

"दुहेरीत निम्मं मैदान वाट्याला येतं, मावशी. मला अख्खं लागतं," म्हणत ती सकाळी निघाली.

पहिला गेम ती हरली. बाहेर जाईल म्हणून तिने चार वेळा शटलचं फूल न मारता सोडलं आणि चारही वेळा ते रेषेवर पडलं. मी वहीत टिपत होते. पुढच्या बाकावरचे तिचे सर वळले.

"मावशी, काय लिहिताय एवढं?"

"चारही फुलं दाराकडच्या टोकाला सोडली. पाठीमागच्या दारातून वारा येतो, तो फूल अडवतो."

सर उठून तिच्याकडे गेले. दुसरा गेम पलीकडच्या टोकाला होता, तो तिने जिंकला. तिसऱ्यात ती पुन्हा दाराकडे आली आणि तिथे तिने एकही फूल सोडलं नाही. दुखऱ्या गुडघ्यावर वाकून प्रत्येक परतवलं. एकवीस-एकोणीस. एकेरीतच राहिली.

फ्रीजमधला सगळा बर्फ तिच्या गुडघ्याला लागला. दोन्ही ट्रे भरून ठेवले.