अल्टरनेटर अकोल्यात बदलू

नणंदेच्या मुलीचा साखरपुडा अकोल्याला, जठारपेठेत, दुपारी. मुलीची पहिली ओटी मोठ्या मामीनं भरायची, हा आमच्या घरातला मान. मोठी मामी मी. पण ट्रक आमचा जुना आणि धाकट्या दिरांचा नवाकोरा, एसी केबिनचा! दोघे भाऊ संत्री घेऊन अकोल्याच्या बाजारात निघालेच होते, म्हणून आम्ही जावाही आपापल्या ट्रकमध्ये बसलो. वरूड सुटताच माझी धाकटी जाऊ वनिता काचेआडून हात हलवत पुढे गेली. तिचा एक केस विस्कटलेला नाही आणि माझ्या तोंडावर तिच्या ट्रकची धूळ. नुसता जळफळाट झाला माझा.

मोर्शी मागे पडली आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. अमरावतीत मिस्तरीनं तपासलं. "अल्टरनेटर बॅटरी चार्जच करून नाई राहिला. बदलून घ्या, दोन-तीन तास लागतीन."

"तोवर वनिता ओटी भरून मोकळी होईल! अकोल्यात बदलू," मी म्हटलं.

"दिवसा निभते, जुनं डिझेल इंजिन हाय," हे म्हणाले. "पण बंद नाई करायचं, अन् लाइट-हॉर्नले हात नाई लावायचा. बॅटरी जपा लागते."

तुम्ही ट्रकनं निघालात तर माझं ऐकू नका, मिस्तरीचं ऐका. लाल दिवा दिसला की मोठ्या गावातच बदलून घ्या.

बडनेऱ्यापुढे रस्ता झकास. मूर्तिजापूरच्या अलीकडे ढाब्यावर दिरांचा ट्रक उभा होता आणि बाईसाहेब ऐटीत भजी खात होत्या. मला राहवेना. गतिरोधकापाशी आमची गाडी हळू झाली, तशी मी म्युझिकल हॉर्न दाबून धरला. वरचे रंगीत दिवेही लावले. बघू दे की!

"अवो, काहून वाजवून राहिली?" माझा हात ओढताना ह्यांचा क्लच सुटला. गाडी गचकून बंद. किल्ली फिरवली, तर नुसतं टक.

वनिता हातातली भजी टाकून धावत आली. "ताई, चला आमच्या गाडीत. तुमच्याबिगर ओटी कशी होईन?"

"जाय तू," हे कपाळाला हात लावून म्हणाले. "मी आता इथंच मिस्तरी बोलावतो."

त्या गार केबिनमध्ये अंग सुखावलं, आणि त्याचाच जास्त राग आला. वेळेत पोचलो. पहिली ओटी मीच भरली. तेवढ्यात नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "वनितानं जावेले सोबत आणलं. मन मोठं हाय बाई तिचं!" झालं, सगळ्या बायका तिच्याभोवती.

नवा अल्टरनेटर बसवून संध्याकाळी हे अकोल्यात आले आणि माल उतरवून आम्ही वरूडला परतलो. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. मान मला मिळाला, कौतुक तिचं झालं. खरं सांगू? ती मला रस्त्यात टाकून गेली असती ना, तर मला जास्त बरं वाटलं असतं.