अण्णानं वाजवलेली नाव

समुद्रापासून दूर, बसवकल्याणजवळच्या मंठाळच्या आमच्या घरात देवाचा कोनाडा रिकामा करून वडिलांनी त्यात सुधारणेची छापील पत्रकं ठेवली होती. पुजारी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगत आला आणि फसवत आला. छापलेलं असलं की निदान तपासता तरी येतं, असं ते म्हणत. मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकलो. तपासायचं तेवढं राहून गेलं.

थोरला भाऊ, अण्णा, कारवारकडं फायबरच्या नावा बनवणाऱ्या शेडमध्ये कामाला होता. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यावर पसरायचं, वर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, चोपडायचं, असे थरावर थर. गुलबर्ग्याच्या कॉलेजला सुट्टी लागली की मी त्याच्याकडं जायचो. एकदा एका म्हाताऱ्या कोळ्याची दोन पावसाळे काढलेली नाव रंगाला आली. अण्णा बोटाच्या पेरानं तिचा तळ वाजवत चालला, बाजारात मडकं घेताना वाजवतात तसा. टणटण आवाज येत होता. इंजिनाजवळ एकदम भद्द.

मी हसलो.

"कामून हसायलास?" त्यानं रंगाखालचा हरभऱ्याएवढा फोड टाचणीनं फोडला. आंबूस वासाचं पाणी आलं. "इंजिनाच्या बोल्टासाठी भोकं पाडली अन् कडा उघड्याच सोडल्या. खारं पाणी धाग्याधाग्यानं आत गेलंय. खरवडून, वाळवून नवे थर द्यावे लागतील. नुस्ता रंग चालायचा न्हाई."

"तुझ्या मंठाळात समुद्र आहे का रे?" शेडचा मालक म्हणाला. सगळे खिदळले.

महिनाभर नाव बसून राहणार, म्हणून म्हातारा घुटमळला. माझ्याकडं वळून म्हणाला, "तू शिकलेला. तूच सांग."

भिंतीवर रेझिन कंपनीचं पत्रक होतं. मी मोठ्यानं वाचलं: सडत नाही, गंजत नाही, समुद्रात आयुष्यभर टिकते. वर म्हणालो, "अण्णा, हे विज्ञान हाय. मडकी वाजवणं न्हवं."

"व्हय," एवढंच म्हणून त्यानं रंगाचा ब्रश उचलला. म्हातारा नुसत्या रंगावर नाव घेऊन गेला.

पुढं तो काही सांगायला गेला की शेडमधले म्हणायचे, "वाजलं मडकं." दिवाळीआधी तो काम सोडून गावी आला आणि दुसऱ्यांच्या शेतात खुरपू लागला.

मग तिथल्या सोबत्याचं पत्र आलं. भर समुद्रात इंजिनाजवळचा तळ सुटला. म्हाताऱ्याला दुसऱ्या नावेनं उचललं, त्याची नाव गेली. तो शेडवर येऊन अण्णा कुठं आहे, असं विचारत होता.

पत्र मीच वाचून दाखवलं. "म्हातारा वाचला न्हवं?" अण्णानं विचारलं आणि खुरपं घेऊन उठला.

माफी मागायची ती वेळ होती. मी कंपनीच्या खोटेपणावर जळजळीत पत्रक लिहिलं, बसवकल्याणच्या बाजारात वाटलं. त्यात माझ्याबद्दल एक ओळ नव्हती.

अण्णा अजून त्याच बाजारात मडकं घेतो. मी सोबत असलो की वाजवत नाही.