तलावाचं नसलेलं गाणं

मी सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्यात सगळ्यात जास्त लाज याचीच वाटली.

आम्ही लाखांदूरला राहतो. नवऱ्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी जवळच्या गावातल्या शाळेत एसटीनं जाते-येते. शाळा बंद होत्या आणि मुलांना मोबाइलवर शिकवायचं होतं, त्या काळात एकदा धड्याचा व्हिडिओ संपला आणि आपोआप दुसराच सुरू झाला. चार पोरं एक बंद पडलेली स्कूटर चढावर ढकलत नेत होती. पूर्ण गाणंभर एवढंच. कोणी नाचत नाही, कोणी नटलेलं नाही. वर पोचल्यावर चौघं कसेबसे तिच्यावर बसतात आणि ती घरंगळणार तेवढ्यात व्हिडिओ संपतो. मी तो परत लावला. गॅसवरची भाजी करपली.

ती पोरं ईशान्येकडच्या कुठल्याशा डोंगरी गावची. गाणी इंग्रजीत, स्वतःच लिहिलेली, कुणाच्या तरी घरातल्या खोलीत रेकॉर्ड केलेली, पाठीमागं कुठली मोठी कंपनी नाही. याला इंडी रॉक म्हणतात, हे मला नागपूरच्या भाचीनं सांगितलं. मला नावाशी काही करायचं नव्हतं. त्यांचा पहिला अल्बम मला तितका आवडला नाही, सगळे एकदम बोलायला उठल्यासारखे वाजवतात. पण दुसरा! त्यातली गिटार म्हणजे कपडे वाळत घालायची तार कुणीतरी अंगणात येता-जाता छेडावी तशी. एका गाण्यात ड्रम येतच नाही. आपण त्याची वाट पाहणं सोडून देतो, तेव्हा येतो. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर सकाळच्या बसमध्ये मी कानात तारा घालून बसायची आणि ड्रम यायच्या जागी माझी मान आपोआप हलायची. शेजारी बसलेल्या बाया विचारायच्या, "काय आयकून राहिल्या मॅडम?" मी म्हणायची, "धडे."

त्या अल्बममधलं एक गाणं माझं सगळ्यात लाडकं होतं. गाणारा पोरगा शब्दांची शेवटची अक्षरं गिळून टाकतो. मला त्यात ऐकू यायचं, 'आय ॲम अ लेक, माय लव्ह, आय ॲम अ लेक.' मी तलाव आहे, माझ्या प्रिये. पुढं तो म्हणतो, 'होल्ड द गेट.' माझ्या दृष्टीनं सगळं स्वच्छ होतं. आमचा जिल्हाच तलावांचा. माझं माहेर सानगडीकडचं, लहानपणी तलावाचं गेट उघडलं की पाणी शेतातल्या धानाच्या बांध्यांमध्ये धावत यायचं आणि आम्ही पोरी कडेच्या मातीच्या पाळीवरून त्याच्याबरोबर धावायचो. हा पोरगा म्हणत होता, मी भरलेला तलाव आहे, गेट धरून ठेव, नाहीतर मी रिता होईन. डोंगरातल्या पोराला हे कसं सुचलं, याचं मला फार नवल वाटायचं.

हे सगळं मी व्हिडिओखाली लिहिलंही. इंग्रजीत, शब्दकोश जवळ घेऊन, चांगला मोठा मजकूर. वर्गात 'आय ॲम' शिकवताना हीच ओळ फळ्यावर लिहिली आणि मुलांना म्हटलं, पाहा, माणूस तलाव पण होऊ शकतो. मुलांनी वहीत उतरवून घेतली.

गेल्या हिवाळ्यात ती पोरं नागपूरला आली. मी घरी सांगूनच गेले. नवऱ्यानं मला बसस्टँडवर सोडलं, बहिणीसाठी चिवड्याची थैली दिली आणि विचारलं, "किती वाजेपर्यंत चालते ते?" बहिणीनं सोबत म्हणून भाचीला पाठवलं. हॉलमध्ये सगळी कॉलेजची मुलं, माझ्या वयाची मी एकटीच, अंगावर शाळेत नेसते ती कॉटनची साडी. सुरुवातीला मी पर्स पोटाशी धरून भिंतीला टेकून उभी होते. मग ते गाणं सुरू झालं आणि मी पुढं कधी गेले ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. एवढंच आठवतं की भाचीनं मागून पदर ओढला.

"मावशी, हळू ना. लोक पाहून राहिले."

"पाहू दे ना वं," मी म्हणाले.

लोक नुसते पाहत नव्हते. सोमवारी स्टाफरूममध्ये आमच्या गणिताच्या सरांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "मॅडम, ह्या तुमीच ना?" पडद्यावर मी होते. डोळे मिटलेले, एक हात वर, केस सुटलेले, आणि माझा आवाज एवढा मोठा की गाणाऱ्या पोराचा ऐकू येत नव्हता. आय ॲम अ लेक! शेजारच्या कुण्या मुलीनं ते काढून नेटवर टाकलं होतं, आणि खाली मूळ शब्द लिहिले होते.

"गाण्यात लेट आहे मॅडम," सर म्हणाले. "आय ॲम लेट. गाडी सुटून राहिली अन् तो म्हणते, गेट धरून ठेव, मले उशीर झाला. लेक नाही आहे ते." ते वाईट माणूस नाहीत. हसू दाबायचा त्यांनी प्रयत्न केला. बाकीच्यांनी केला नाही.

हजारो लोकांनी ते पाहिलं होतं. कोणी लिहिलं होतं, आंटी भारी आहे. कोणी लिहिलं होतं, आंटीला कोणीतरी इंग्रजी शिकवा. मी घंटा व्हायची वाट न पाहता वर्गात गेले. सातवीच्या मुलांनी अर्थातच पाहिलं होतं. मी फळ्यावर ओळ लिहिली, या वेळी बरोबर, आणि सांगितलं की आधी मी चुकीची शिकवली होती.

पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मंग त्याच्यात तलाव नाहीच काय, मॅडम?"

"नाही."

"मंग गेट?"

"रेल्वेचं असंल. नाहीतर विमानतळाचं."

तिनं वही उघडली. "आमी वहीत खोडाचं काय?"

"खोडा," मी म्हणाले. आणि सगळ्या वर्गानं मान खाली घालून खोडलं. खोडरबरांचा तो आवाज ऐकत मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले.

संध्याकाळी घरी आले तर नवरा खाटेवर बसून मोबाइल पाहत होता. आवाज बंद होता, पण हात वर केलेली मी मला दारातूनच दिसले.

"तुमाले कोणं दाखवलं?"

"पंप घेऊन आला होता एक माणूस."

"काय म्हणाला?"

"काय म्हणन तो. हासला." त्यानं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. मी चिडले. म्हटलं, बंद करा ना अजी ते. त्यानं बंद केलं नाही. म्हणाला, "हे असं तोंड मी तुहं कवाच पाह्यलं नाही. इतके वर्ष झाले."

तो रागानं बोलला असता तर मी भांडले असते. त्याच्या आवाजात राग नव्हता. मी पाणी प्यायला म्हणून आत माठाजवळ गेले. चुकीचं गायले याची लाज दिवसभर वाटतच होती. ही लाज निराळीच होती. माझा आनंद मी घरापासून लपवून बसमध्ये नेत होते आणि अनोळखी लोकांत उधळून आले होते, असं काहीतरी. तिच्यासाठी मला अजून नीट शब्द सापडलेला नाही.

गाण्याच्या व्हिडिओखालचा माझा तलावाचा मजकूर मी त्याच दिवशी पुसला. हॉलमध्ये माझा व्हिडिओ काढणाऱ्या त्या मुलीला भाचीनं शोधून विनंती केली. मुलीनं माफी मागून तो नेटवरून काढून टाकला, पण तोवर तो दुसऱ्यांकडं पोचला होता. बँडकडंही पोचला. पुढच्या कुठल्याशा शहरातल्या कार्यक्रमात गाणाऱ्या पोरानं ती ओळ माझ्यासारखी गायली. आय ॲम अ लेक. गर्दीनं जल्लोष केला. भाचीनं मला ती क्लिप पाठवली, खाली खूपसे बदाम टाकून. शाळेत सगळे म्हणायला लागले, मॅडम, केवढा मान! मी ती क्लिप एकदाच पाहिली. तो शब्द म्हणताना त्यानं डोळा मिचकावला होता. ते गाणं मी इतक्या वेळा ऐकलं होतं, त्यात तो कधीच हसत नाही.

नवरा म्हणाला, "चांगलंच झालं ना वं. तुहा शब्द गाऊन राहिला तो."

"माझा शब्द नाही. माझी चूक गाऊन राहिला."



एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर बाया चपला शोधत होत्या. आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई माझ्याजवळ आली आणि तिनं माझा हात धरला. नातवानं तिला मोबाइलवर दाखवलं होतं.

"लय चांगलं गायलं पोरी तू," ती म्हणाली. "मी लेक आहे, मी लेक आहे म्हणत होती ना? मायची आठवण आली काय?"

मला एकदम काही कळलंच नाही. मग कळलं. तिनं आपल्या मराठीतली लेक ऐकली होती. माझी आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि हे त्या बाईला ठाऊक होतं. मी इंग्रजीची शिक्षिका, मी तिला सांगायला हवं होतं की बाई, तसं नाही, लेकही नाही आणि तलावही नाही, कुणाला तरी उशीर झाला आहे. मी मान हलवली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि मी भर उन्हात तिथंच रडायला लागले. बायांना वाटलं, आईसाठी. मलाही नक्की सांगता येणार नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या पोरांचा नवा अल्बम आला. मी आधी सगळे शब्द वाचले, ओळ न् ओळ, अडलं तिथं अर्थ पाहिला, आणि मग ऐकला. तिसरं गाणं चांगलं आहे. व्हिडिओत एक पोरगा रिकाम्या शाळेच्या छपरावर बसून एकेक कौल पुसत असतो. खाली दोन शब्द लिहावेत म्हणून मी टाइप केलं आणि पुसलं.

नवरा दुपारी जेवायला आला होता. त्यानं माझ्या कानातल्या तारा पाहिल्या आणि म्हणाला, "लाव ना मोठ्यानं. मले बी आयकू दे."

मी तार काढून मोबाइल ताटाशेजारी ठेवला. तो जेवता जेवता ऐकत राहिला, मध्ये एकदा घास थांबवून. गाणं संपल्यावर म्हणाला, "ढोल मस्त वाजवते पोट्टा. काय म्हणते याच्यात तो?"

सगळे शब्द मला पाठ होते. "माहीत नाही," मी म्हणाले, आणि त्याला भात वाढला.